कुमारांचीं नाट्यसत्रें : आंखणीचा प्रश्न

कुमारवयीन मुलांचा एक गट घ्यावा, नाट्याच्या द्वारें त्यास एखाद्या विषयाशीं झुंजावयास लावावें, आणि ही झुंज तास-दीड तासांत कशी बसवावी याचा आराखडा आधीं कागदावर मांडावा, असें शिकविणारें वाङ्मय गेल्या साठसत्तर वर्षांत इंग्रजींत फार वाढलें आहे. शाळांचे शिक्षक, युवकमंडळांचे चालक, सुधारगृहांतील कार्यकर्ते अशा अनेकांच्या हातीं हीं पुस्तकें असतात. आणि आपल्याकडेहि मे महिन्याच्या सुटींत जीं नाट्यशिबिरें भरतात त्यांच्या वेळापत्रकांवर या पुस्तकांची छाया पडलेली दिसते. असें असूनहि वाङ्मयाचे टीकाकार या पुस्तकांकडे ढुंकून पाहत नाहींत. हा शिक्षणशास्त्राचा प्रांत, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें ते मनाशीं म्हणत असावेत. आमचें मत निराळें आहे. सत्राचा आराखडा ही एक प्रकारची नाट्यरचनाच होय. तींत स्थळ असतें, पात्रें असतात, विरोध असतो किंवा असावयास पाहिजे. फरक एवढाच कीं, संवाद लिहिलेले नसतात आणि शेवट ठरलेला नसतो. हा शेवट खरोखरच ठरलेला नसतो काय, हें या लेखांत आम्हांस मुख्यतः तपासावयाचें आहे.

सामान्यतः हातीं येणारा आराखडा असा असतो : कागदाच्या डाव्या बाजूस मिनिटें, मध्यें 'कृति', तिच्या शेजारीं 'साहित्य', आणि अगदीं उजवीकडे 'अपेक्षित निष्पत्ति'. पहिलीं दहा मिनिटें अंग मोकळें करणारा एखादा खेळ. पुढें पांच-पांचांचे गट. प्रत्येक गटास चिठ्ठीवर विषय. पंधरा मिनिटांत तयारी. मग सादरीकरण, टाळ्या, आणि शेवटीं 'आज आपण काय शिकलों' ही प्रश्नोत्तरी. विषय व्यसनमुक्तीचा असला कीं पांचहि गटांतून एकच नाटुकलें बाहेर पडतें. झिंगलेला बाप, पदरानें डोळे पुसणारी आई, शाळा सुटलेला मुलगा, आणि मग एक समंजस गुरुजी. गुरुजी दोन मिनिटें बोलतात आणि बाप बाटली फोडतो. असल्या सादरीकरणांस ज्यानें एक-दोन उन्हाळे हजेरी लावली आहे त्याला ती बाटली फुटण्याचा क्षण घड्याळ न पाहतां सांगतां येईल.

यांत मुलांचा दोष नाहीं. गटांतील एखाद्या मुलीच्या घरीं खरोखरच तसा बाप असेल, तर तिला पक्कें ठाऊक असतें कीं बाटली अशी फुटत नसते. पण उजवीकडचा रकाना तिनें चालकाच्या चेहऱ्यावर केव्हांच वाचलेला असतो, आणि तिला जें ठाऊक आहे त्यास त्या रकान्यांत जागा नसते. ती शहाणी मुलगी गुरुजींची भूमिका मागून घेते. वर्गांत असें घडलें तर त्याचें आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं, कारण वर्ग मोकळेपणाचा आव आणीत नाहीं. परंतु जी जागा 'येथें तुम्ही मोकळे आहांत' असें सांगून मुलांस बोलावते, तेथेंहि आपलें ज्ञान नको आहे हें त्या मुलीस कळावें, ही हानि आमच्या मतें लहान नव्हे. वाईट आराखड्यानें नुसता वेळ वायां जात नाहीं. मुलें त्यांतून कांहींतरी शिकतात, आणि जें शिकतात तें खोटें बोलण्याच्या जवळपासचें असतें.

या दुखण्यावर ज्यांनीं नेमकें बोट ठेवलें त्यांत व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंचें नांव आधीं घ्यावें लागेल. शिकागोच्या हल हाउस या वस्तीसेवेच्या संस्थेंत १९२४ पासून त्या नेव्हा बॉइड यांच्या हाताखालीं शिकल्या. आणि बॉइडबाईंचा विषय नाटक हा नव्हता, खेळ व गटकार्य हा होता. पुढें १९३९ ते १९४१ या काळांत सरकारी रोजगार-योजनेखालीं शिकागोंत मुलांच्या नाट्याची देखरेख करतांना स्पोलिनबाईंपुढें परदेशांतून येऊन वसलेल्या कुटुंबांचीं मुलें होतीं. त्यांना व्याख्यानांतून अभिनय शिकवूं पाहणें व्यर्थ होतें. म्हणून त्यांनीं खेळ रचले. त्यांचा 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' हा ग्रंथ १९६३ मध्यें निघाला. त्यांत असे दोनशेंहून अधिक खेळ आहेत.

या ग्रंथाचें मोल खेळांच्या संख्येंत नाहीं; पण ज्यांनीं तो नुसता चाळला त्यांनीं संख्याच तेवढी उचलली. स्पोलिनबाईंच्या प्रत्येक खेळांत खेळणाऱ्यांपुढें एकच अडचण ठेवलेली असते. दोघांनीं नसलेली रस्सी ओढावयाची आहे. रस्सी एकाच्या हातीं नाहीं कीं दुसऱ्याच्या मनांत नाहीं, ती दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेंत आहे. एकानें ती सोडली कीं दुसऱ्याची मेली. मुलगा त्या रस्सीच्या मागें लागला म्हणजे आपण कसे दिसतों हें तो विसरतो. चालक बाजूस उभा राहून, खेळ न थांबवितां, एखादा शब्द टाकतो आणि त्याचें लक्ष पुन्हा रस्सीकडे वळवितो. खेळ संपल्यावर पाहणाऱ्यांस 'कसें वाटलें' असें विचारावयाचें नाहीं. रस्सी दिसली कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें. वाहवा आणि नापसंती या दोन्ही गोष्टी स्पोलिनबाईंनीं सारख्याच घातक मानल्या, कारण दोन्हींमुळें मूल दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागतें. आमच्या गटांतल्या त्या मुलीची गोष्ट येथें आठवावी.

इतकें मान्य करूनहि एक उणीव सांगितली पाहिजे. रस्सीच्या खेळांत कोणाचें कांहीं जात नाहीं. तो डाव जिंकला काय, हरला काय, खेळणारा घरीं जातो तेव्हां त्याच्याबरोबर कोणताहि प्रश्न घरीं जात नाहीं. स्पोलिनबाईंस नट घडवावयाचे होते आणि ते त्यांनीं घडविले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे १९५९ मध्यें शिकागोंत निघालेल्या 'सेकंड सिटी' या प्रसिद्ध मंडळीच्या संस्थापकांपैकीं होत. परंतु ज्याला मुलांच्या गटाकडून विचाराचें काम करून घ्यावयाचें आहे त्याला खेळ हा उंबरठा आहे, घर नव्हे. आपल्याकडील कित्येक शिबिरांत पहिले तीन दिवस उंबरठ्यावरच जातात आणि चौथ्या दिवशीं एकदम तालीम सुरू होते.

पीटर स्लेड आणि ब्रायन वे या दोन इंग्रज ग्रंथकारांविषयीं थोडक्यांत लिहिलें तरी चालेल. स्लेड यांचा 'चाइल्ड ड्रामा' हा ग्रंथ १९५४ चा. मुलांचें नाट्य हें मोठ्यांच्या रंगभूमीचें कच्चें रूप नसून ती एक स्वतंत्र कला आहे हा त्यांचा सिद्धान्त त्या काळीं धाडसाचा होता. मात्र त्यांच्या लेखणीस भक्तिभावाची ओल इतकी आहे कीं, टीकेचें काडवात तेथें पेटतच नाहीं. वे यांचा 'डेव्हलपमेंट थ्रू ड्रामा' हा १९६७ चा ग्रंथ अधिक उपयुक्त. आंधळा म्हणजे काय याचें उत्तर व्याख्येनेंहि देतां येतें आणि डोळे मिटून दार शोधावयास लावूनहि देतां येतें, या त्यांच्या दृष्टान्तांत सर्व पद्धतीचें बीज आहे. परंतु वे यांच्या आराखड्यांत प्रत्येक मूल आपापल्या जागीं, आपापल्यापुरतें काम करीत असतें. तीस मुलें, तीस कोपरे. गट नाहीं तेथें विरोध नाहीं, आणि विरोध नाहीं तेथें नाट्य कोठून येणार?

आमची मराठी बालरंगभूमि या सर्व प्रकारापासून निराळ्या वाटेनें वाढली. सुधा करमरकर यांचें 'लिटल थिएटर' १९५९ चें, रत्नाकर मतकरी यांची 'बालनाट्य' ही संस्था १९६२ ची. बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यगृहाची पद्धत मोहन आगाशे यांनीं १९८६ मध्यें पुण्यांत आणली. या कामगिरीविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ती प्रेक्षकांसाठीं बसविलेल्या नाटकाची कामगिरी आहे. आमच्या शिबिरांचे बहुतेक चालक या रंगभूमीच्या छायेंत वाढलेले असल्यामुळें 'बसविणें' हें क्रियापद त्यांच्या जिभेवरून उतरत नाहीं. मुलें जमलीं कीं कांहींतरी बसवावयाचें आणि शेवटच्या दिवशीं पालकांस दाखवावयाचें. असें केल्यानें नाटक बसतें, हें कबूल. पण तें सत्र नव्हे. सत्रांत मुलें हींच नट आणि मुलें हींच प्रेक्षक असतात, आणि दुपारीं जें घडलें तें संध्याकाळीं पुन्हा करून दाखवा म्हटलें तर तें होत नाहीं.

आतां डोरथी हीथकोट यांच्याकडे वळूं. यॉर्कशरमध्यें १९२६ सालीं जन्मलेल्या या बाई चौदाव्या वर्षीं लोकरीच्या गिरणींत मागावर उभ्या राहिल्या. १९४५ मध्यें गिरणीच्या मालकानें त्यांच्या नाट्यशिक्षणाचा खर्च उचलला आणि त्या ब्रॅडफर्डच्या नाट्यशाळेंत गेल्या. पुढें न्यूकॅसल येथें त्यांनीं १९८६ पर्यंत शिक्षकांस शिकविलें. २०११ मध्यें त्या वारल्या. ब्रिटिश नभोवाणीसंस्थेच्या दूरचित्रवाणीनें १९७१ मध्यें त्यांच्या कामावर एक चित्रपट काढला. त्याचें नांव 'थ्री लूम्स वेटिंग', म्हणजे 'तीन माग वाट पाहत आहेत'. नाट्यशाळेंत जमलें नाहीं तर परत ये, तुझे तीन माग आहेतच, असें मालकानें सांगितलें होतें, त्याची ही आठवण.

या चित्रपटांत सुधारशाळेंतील मुलग्यांबरोबर झालेलें एक काम आहे. मुलगे युद्धकैदी झाले आहेत. बाई स्वतः शत्रूच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेंत शिरल्या आहेत. आणि कैद्यांतच एकजण फितूर आहे. एवढाच मसाला. पण त्याची आंखणी न्याहाळून पाहावी. हे मुलगे स्वतः बंदिस्त जागेंत राहणारे. 'तुम्हांला येथें कसें वाटतें' असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता तर एकानेंहि खरें उत्तर दिलें नसतें, आणि देऊंहि नये. कैद्यांच्या छावणींत मात्र पहारा, कुलूप, शिस्त, एकमेकांवरचा संशय यांविषयीं त्यांना जें ठाऊक आहे तें सर्व कामाला येतें, आणि तें आपलें आहे असें कोणी म्हणत नाहीं. ही आड दुखऱ्या भागावर धरलेली आहे, तो भाग लपविण्यासाठीं नव्हे, तर त्याला हात लावतां यावा म्हणून. दुसरी गोष्ट अशी कीं, बाईंनीं अधिकाऱ्याची भूमिका घेतल्यानें मुलांस विरोध करण्याचा परवाना मिळाला. शिक्षिकेस उलट बोलणें निराळें आणि शत्रूस उलट बोलणें निराळें. तिसरी गोष्ट तो फितूर. त्याच्यामुळें प्रश्न शत्रूचा राहत नाहीं, तो गटाचा होतो : आपल्यांतल्या एकानें दगा दिला तर आपण त्याचें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर मुलांवर सोंपविलेलें होतें. येथें आराखडा फार कडक आहे आणि शेवट फार मोकळा आहे. स्थळ, भूमिका, ताण, हें सर्व चालकाचें, निर्णय मुलांचा.

हीथकोटबाईंची पुढील काळांतील पद्धत, जिला आपण 'तज्ज्ञाचें पांघरूण' म्हणूं, ती याच तत्त्वाची अधिक संथ आवृत्ति होय. मुलें संग्रहालयाचे रक्षक होतात, उत्खनन करणारे संशोधक होतात; कोणीतरी त्यांच्याकडे काम सोंपवितें आणि तें काम जबाबदारीनें करतां करतां इतिहास, भूगोल, हिशेब सर्व ओघानें येतें. गॅव्हिन बोल्टन यांच्यासह त्यांनीं लिहिलेला 'ड्रामा फॉर लर्निंग' हा १९९५ चा ग्रंथ या पद्धतीचा मुख्य आधार. वाचावयास तो सोपा नाहीं. बाई बोलत उत्तम, लिहीत जड, असें आम्हांस तरी वाटतें.

त्यांच्यावर मोठा हल्ला चढविला तो डेव्हिड हॉर्नब्रुक यांनीं, 'एज्युकेशन अँड ड्रॅमॅटिक आर्ट' या १९८९ च्या पुस्तकांत. या पंथानें नाट्यकलेस केवळ साधन करून टाकलें, नाटकें वाचणें, पाहणें, करणें या गोष्टींपासून मुलांस तोडलें, असा त्यांचा आक्षेप. यांतील निम्मा भाग खरा आहे. ज्या मुलानें एकहि चांगलें नाटक पाहिलें नाहीं त्याच्या सत्रांतील नाट्य लवकरच दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या वळणावर जातें. पण उरलेला निम्मा भाग आम्हांस पटत नाहीं. फितुराचा तो प्रसंग नाट्यकलेच्या बाहेरचा आहे असें कोण म्हणेल? कोणास काय ठाऊक आहे आणि कोणास नाहीं, यावर ताण उभा करणें हें नाटककाराचेंच कसब आहे. आणखी एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो, कीं हें सर्व बाईंच्या व्यक्तिमत्त्वाचें देणें होतें, तें दुसऱ्यास साधावयाचें नाहीं. त्यास सेसिली ओनील व ॲलन लँबर्ट यांचें 'ड्रामा स्ट्रक्चर्स' हें १९८२ चें पुस्तक पुरेसें उत्तर आहे. घरदार सोडून पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकन वसाहतवाल्या कुटुंबांचा त्यांतील आराखडा कोणाहि सामान्य शिक्षकास चालवितां येण्याजोगा आहे, आणि त्यांतहि वाटेवरचे निर्णय मुलांकडेच आहेत.

परदेशांतील उदाहरणांवर थांबलों तर वाचक म्हणतील कीं, आमच्या वर्गांत हें कसें व्हावें. म्हणून एक आराखडा आम्हीच मांडून पाहतों. तेरा ते पंधरा वर्षांचीं पंचवीस-तीस मुलें, बांकें भिंतीशीं सारलेला वर्ग, दीड तास, विषय पाणी. नेहमींच्या पद्धतीनें येथें 'पाणी वांचवा' हें नाटुकलें निघेल आणि शेवटीं सर्वजण हात उंचावून घोषणा देतील. त्याऐवजीं असें करावें. मुलें एका वाडीचीं माणसें आहेत, उन्हाळा आहे, टँकर एक दिवसाआड येतो. प्रथम टँकरची रांग लावावयाची. प्रत्येकानें आपल्या घराचीं भांडीं जमिनीवर मांडावयाचीं, अर्थात् नसलेलीं : दोन हंडे, एक कळशी, तळ गेलेली बादली, एखाद्याकडे निळा प्लास्टिकचा पिंप. स्पोलिनबाईंची रस्सी येथें उपयोगास येते. भांडें दिसलें पाहिजे. कोणाच्या घरीं किती माणसें आणि किती भांडीं हें यांतच ठरून जातें, आणि तें पुढें फार महत्त्वाचें आहे.

मग चालक येतो तो वरच्या वाडीचा निरोप्या होऊन. त्यानें सरपंच होऊं नये. सरपंच झाला कीं मुलें त्याच्या तोंडाकडे पाहणार. निरोप्या उन्हांतून आलेला, दाराबाहेर उभा राहणारा, हलक्या पायरीचा माणूस. तो सांगतो कीं, आमची विहीर ढांसळली. आमचा टँकर मंजूर व्हावयास तीन दिवस आहेत. तोंवर तुमच्यांतलें निम्मं पाणी द्या. त्याच्या मनांत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या चालकाच्या कागदावर लिहिलेल्या असल्या पाहिजेत. वरच्या वाडींत परवां लग्न आहे ही एक. आणि गेल्या वर्षीं याच वाडीनें यांना आपल्या विहिरीवर येऊं दिलें नव्हतें ही दुसरी. कोणी विचारलें तरच तो सांगेल, आणि विचारलें तर खोटें बोलणार नाहीं. कोणीच विचारलें नाहीं तर त्या गोष्टी त्याच्याबरोबर परत जातील. चालकाची कसोटी येथें आहे. जीभ आवरणें हें या कामांतील सर्वांत अवघड कौशल्य.

मुलें चांगलीं असतात. पांच मिनिटांत 'निम्मं देऊं' म्हणून मोकळीं होतील. कच्चा आराखडा येथेंच कोसळतो, कारण पुढचीं चाळीस मिनिटें काय करावयाचें हें त्यास ठाऊक नसतें. पक्क्या आराखड्यांत निरोप्याचा पुढचा प्रश्न तयार असतो : निम्मं म्हणजे घरामागें कीं माणसामागें? आतां तीं नसलेलीं भांडीं बोलूं लागतात. नऊ माणसांचें घर आणि दोन हंडे एका बाजूस, तीन माणसें आणि निळा पिंप दुसऱ्या बाजूस. दुरून टँकरचा आवाज येण्यापूर्वीं निर्णय झाला पाहिजे. तो झाला कीं, पाणी ओतण्याच्या आधींच खेळ थांबवावा. आणि रात्रीं घरीं आजीला हा निर्णय कसा सांगाल, तें प्रत्येकानें एका ओळींत लिहावें. 'अपेक्षित निष्पत्ति' या रकान्यांत आम्ही कांहींच लिहीत नाहीं. मुलांनीं पाणी नाकारलें तर नाकारलें. निरोप्या मान खालीं घालून परत जाईल, आणि पुढच्या सत्राची सुरुवात वरच्या वाडींत होईल.

एका गोष्टीची मात्र काळजी घेतली पाहिजे. गटांतील कांहीं मुलें खरोखरच टँकरच्या गांवचीं असतील, तर त्यांच्यापुढें ही वाडी आड राहत नाहीं. तें त्यांचेंच घर होतें, आणि पंचवीस जणांसमोर आपलें दारिद्र्य मांडण्यास आपण त्यांना लावलें असें होईल. तेथें वाडी सोडून द्यावी आणि वारा पडल्यामुळें समुद्रांत अडकलेलें शिडाचें जहाज घ्यावें, ज्यावर पाण्याचें एकच पिंप उरलें आहे. सुधारशाळेंतल्या मुलग्यांस युद्धकैद्यांची छावणी मिळाली ती याच न्यायानें.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांच्या 'फोरम' नाट्याचा येथें उल्लेख अवश्य आहे. पेरू देशांतील साक्षरतेच्या कार्यांत १९७३ मध्यें त्यांच्या पद्धतीस आकार आला. आपल्या देशांत पश्चिम बंगालमधील 'जन संस्कृति' ही संस्था १९८५ पासून ती पद्धत खेड्यापाड्यांतून चालवीत आली आहे. जुलमाचा प्रसंग करून दाखवावयाचा, तो पुन्हा सुरू करावयाचा, आणि प्रेक्षकानें 'थांबा' म्हणून पीडिताच्या जागीं स्वतः उभें राहून दुसरा मार्ग करून पाहावयाचा. शेवट उघडा ठेवण्याच्या बाबतींत हें नाट्य प्रामाणिक आहे. तथापि जुलमी कोण हें त्यांत आधींच ठरलेलें असतें, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलांस जुलम्यावर ओरडण्याचा उत्साह इतका असतो कीं, पीडिताची अडचण मागें पडते. प्रौढांच्या सभेस जें शोभतें तें या वयास जसेंच्या तसें द्यावें असें आम्हांस वाटत नाहीं. पाण्याच्या रांगेंत जुलमी कोणीच नाहीं. म्हणूनच तेथें विचार करावा लागतो.

राहतां राहिला अहवालाचा प्रश्न. सत्रास पैसा देणाऱ्या मंडळींस किती मुलें आलीं, किती मुली होत्या आणि त्यांच्या वर्तनांत काय पालट झाला हें हवें असतें. पहिल्या दोन गोष्टी मोजतां येतात म्हणून तिसरीहि मोजतां येते अशी त्यांची समजूत असते. चालकानें त्यांना आंकडे अवश्य द्यावेत. पण स्वतःच्या वहींत त्यानें निराळें टिपण ठेवावें : निर्णय काय झाला, तो कोणी वळविला, आपण कोठें घाईनें बोललों, कोणता प्रश्न कोणीच विचारला नाहीं. 'निरोप्यास गेल्या वर्षीच्या विहिरीविषयीं कोणी विचारलें नाहीं. लग्नाविषयीं मात्र मागच्या रांगेंतल्या मुलीनें विचारलें' एवढें एक वाक्य जरी त्या वहींत असलें तरी पुढच्या शनिवारचें सत्र आंखावयास तें पुरेसें आहे. 'मुलांनीं उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' या वाक्यावरून कांहींच आंखतां येत नाहीं.